बगझिला: रूपावर जाऊ नका, रांग कशी लावतं ते बघा

आधीच सांगून टाकतो, बगझिला, म्हणजे सॉफ्टवेअरमधले बग (दोष) नोंदवून त्यांचा माग ठेवायचं वेब टूल, दिसायला भयाण आहे. राखाडी पान, निळ्या लिंकांचा सडा, आणि फॉर्ममध्ये इतक्या चौकटी की नवीन माणूस बग नोंदवायला येतो आणि आल्या पावली परत जातो. तरीपण ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये बगांचा ढीग साचलाय, त्यातलं आधी काय घ्यायचं, नंतर काय, आणि कशाला बहुतेक कधीच हात लागणार नाही, हे ठरवायला काय वापरू असं कोणी विचारलं तर मी अजूनही बगझिलाचंच नाव घेतो. फक्त या एका कामासाठी हां, बाकी कशासाठी नाही, आणि हा रिव्ह्यूपण तेवढ्यापुरताच आहे. मी ट्रायाज करणारा माणूस, म्हणजे आलेले रिपोर्ट तपासून त्यांची रांग लावणारा, कोड कमी लिहितो आणि लोकांचे रिपोर्ट जास्त वाचतो, तेही फावल्या वेळात आणि बिनपगारी, त्यामुळे डेव्हलपरला हे टूल कसं वाटेल ते त्यांनाच विचारा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९८ मध्ये टेरी वाइसमननं हे मोझिलासाठी बनवलं, सुरुवातीला टीसीएल या प्रोग्रामिंगच्या भाषेत होतं, मग पर्ल या दुसऱ्या भाषेत आलं आणि आजही पर्लमध्येच आहे. लिनक्स कर्नल, जीसीसी, केडीई, लिब्रेऑफिस, वाइन ही सगळी ओपन सोर्स मंडळी वापरतात. फ्रीबीएसडी तर २०१४ मध्ये जुनं नॅट्स हे बग नोंदवायचं टूल सोडून इकडे आलं, पण त्याच वर्षी विकिमीडिया सोडून गेलं, २०१८ मध्ये ग्नोम गिटलॅबवर गेलं आणि २०२१ च्या शेवटी एलएलव्हीएमनं पण बाडबिस्तरा गिटहबवर हलवला (दोन्ही कोड ठेवायच्या साइट, तिथेच बगही नोंदवता येतात). म्हणजे येणारे कमी, जाणारे जास्त, हे खरंच आहे, लपवण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्यावर येतो. बगझिलात सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटी असे दोन वेगळे ड्रॉपडाउन असतात. पहिल्यात बगनं किती वाट लावली ते, दुसऱ्यात आपण तो कधी घेणार ते. बस्स एवढंच, पण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे, कारण हे दोन प्रश्न एकत्र कालवले की प्रत्येक बगवर भांडण ठरलेलं. रिपोर्ट करणारा म्हणतो माझं काम अडलंय म्हणजे अर्जंट, मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) म्हणतो तुझ्या एकट्याचं अडलंय म्हणजे नंतर, आणि दोघंही खरंच बोलत असतात. दोन खाने असले की दोघांचं खरं नोंदवलं जातं आणि वाद निम्म्यावर येतो. पूर्ण मिटत नाही, निम्म्यावर येतो.

उदाहरण घेऊ. समजा तक्ते-हिशेब करायचं एखादं सॉफ्टवेअर आहे आणि एकाच दिवशी दोन रिपोर्ट आले. पहिल्याचं टायटल "अर्जंट!!! ॲप उघडतच नाही, लाज वाटत नाही का तुम्हाला", सिव्हिअरिटी ब्लॉकर, व्हर्जनचा खाना रिकामा, ऑपरेटिंग सिस्टीम "ऑल". दुसरा अगदी दबक्या आवाजात, "सेव्ह करून परत उघडलं की कधीकधी शेवटचा कॉलम रिकामा येतो, बहुतेक माझंच काहीतरी चुकत असेल", सिव्हिअरिटी मायनर. आता जो ओरडतो त्याच्याकडे आधी लक्ष जातं हा मनुष्यस्वभाव आहे, पण ट्रायाज करणाऱ्याचं डोकं दुसऱ्यावर थांबायला पाहिजे, कारण न उघडणारं ॲप निदान सांगतं तरी की मी बिघडलोय, हा कॉलम मात्र गुपचूप गायब होतोय आणि ज्याचा गेला त्याला महिनाभरानं कळणार, तोपर्यंत बॅकअपवर पण तीच रिकामी फाइल चढलेली असणार. मग काय करायचं, मायनरचं क्रिटिकल करायचं, डेटालॉस असा कीवर्ड लावायचा, रिपोर्टरला सँपल फाइल मागायची, आधीच्या व्हर्जनमध्ये तीच फाइल उघडून सेव्ह करून बघायची, तिथे नीट चाललं तर रिग्रेशन (आधी चालायचं, आता बिघडलं) हा पण कीवर्ड लावायचा, आणि मग प्रायॉरिटी वर न्यायची. पहिल्याला व्हर्जन आणि लॉग विचारायचा आणि नीडइन्फो (अजून माहिती हवी) करून ठेवायचं, बऱ्याचदा निघतं की व्हर्जन अतिप्राचीन आहे किंवा कुठलंतरी एक्स्टेन्शन आडवं येतंय, बंद केलं की ॲप सुरळीत.

दोन खान्यांचा खरा उपयोग मात्र उलट्या केसमध्ये दिसतो. समजा कोणीच सांभाळत नसलेल्या एखाद्या जुन्या ३२ बिट सिस्टीमवर ॲप क्रॅश होतंय. सिव्हिअरिटी क्रिटिकलच राहणार, खोटं का लिहा, पण प्रायॉरिटी लो. आणि इन्स्टॉल करायच्या पानावरच्या कमांडमध्ये एक डॅश कमी पडलाय, त्याची सिव्हिअरिटी ट्रिव्हियल, कोणाचं काही जळत नाहीये, पण प्रत्येक नवा माणूस तिथेच ठेचकाळतो म्हणून प्रायॉरिटी सगळ्यात वर, आजच्या आज. गिटहबवर याच गोष्टी मला "हाय", "बग", "अर्जंट", "पी१" अशा लेबलांच्या रंगीबेरंगी पताका लावून सांगाव्या लागतात आणि "हाय" म्हणजे त्रास हाय की नंबर हाय हे लेबल ज्यानं बनवलं त्यालाच ठाऊक, आणि तो बहुतेक दोन वर्षांपूर्वीच प्रोजेक्ट सोडून गेलेला असतो. नावं शिस्तीत ठेवली तर गिटहबवर पण होतं हे मान्य, कुबरनेटीसवाले (सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं सांभाळायचा मोठा ओपन सोर्स प्रोजेक्ट) ठेवतात, "प्रायॉरिटी/क्रिटिकल-अर्जंट" पासून "प्रायॉरिटी/अवेटिंग-मोअर-एव्हिडन्स" पर्यंत त्यांची लेबलं आहेत आणि बॉटला (आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला) कमेंटमधून कमांड देऊन ती लावता येतात. पण ही शिस्त त्यांनी वरून आणलीय, टूलनं दिलेली नाही.

मोझिलानं स्वतःच्या बगझिलात ही वाटणी अजून घासूनपुसून घेतलीय आणि ती मला मूळच्यापेक्षा आवडते. मूळ बगझिलात सिव्हिअरिटीच्या सात पायऱ्या आहेत, ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर, नॉर्मल, मायनर, ट्रिव्हियल, एनहान्समेंट, आणि मेजर कुठे संपतं नि क्रिटिकल कुठे सुरू होतं यावर माणसं तासन्‌तास वाद घालू शकतात. मोझिलानं २०२० मध्ये एस१ ते एस४ अशा चारच ठेवल्या. एस१ म्हणजे डेटा जातोय, पर्यायी वाट नाही, किंवा पाव हिस्स्यापेक्षा जास्त युजरांना फटका बसू शकतो असलं प्रकरण, एस३ म्हणजे त्रास आहे पण पर्यायी वाटही आहे. प्रायॉरिटीत पी१ म्हणजे चालू रिलीजमध्ये, पी२ पुढच्या एखाददुसऱ्या रिलीजमध्ये, पी३ बॅकलॉग (नंतरसाठी साठवलेली कामं), पी४ बॉटांसाठी राखीव, आणि पी५ म्हणजे आम्ही करणार नाही पण कोणी पॅच (दुरुस्तीचा कोड) दिला तर घेऊ. हा पी५ मला फार आवडतो. "बघू", "नोंद घेतली आहे" असली गोलमोल उत्तरं देत वर्षानुवर्षं माणसाला लटकवत ठेवण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं की बाबा आमच्याकडून होणार नाही, तुला जमत असेल तर ये.

आणि खालच्या पायरीवर पडलेला बग मेलेला नसतो. फायरफॉक्समध्ये टूलटिप (माउस नेला की दिसणारी छोटी चौकट) चुकीच्या वेळी दुसऱ्या विंडोवर तरंगत राहायचा एक बग होता, २००२ मध्ये नोंदवलेला, तो २०२३ मध्ये सुटला. एकवीस वर्षं! यावर नेटवर लोकांनी मनसोक्त हसून घेतलं पण माझं मत वेगळंय, तो बग तितकी वर्षं त्याच नंबरवर, जुन्या सगळ्या कमेंट्ससकट उघडा होता म्हणून कोणाच्यातरी हाताला लागला. बंद करून टाकला असता तर कोण शोधत बसलं असतं.

यावरून स्टेल बॉटचा, म्हणजे शिळे झालेले बग आपोआप बंद करणाऱ्या प्रोग्रामचा, विषय निघतोच. गिटहबवर जी तयार स्टेल ॲक्शन मिळते तिचं डिफॉल्ट असं की ६० दिवस हालचाल नाही झाली की इश्यूवर (तिथे रिपोर्टला इश्यू म्हणतात) स्टेल लेबल, आणि पुढच्या ७ दिवसांत कोणी बोललं नाही की बंद. कुबरनेटीसमध्ये जरा सबुरीनं घेतात, ९० दिवसांनी स्टेल, मग ३० नी रॉटन, मग अजून ३० नी बंद. आता मेंटेनरची बाजू मला कळते, चार हजार उघडे इश्यू बघून छातीत धडकी भरते, पण इथे ओल्याबरोबर सुकंही जळतं, कारण गप्प बसलेला बग म्हणजे सुटलेला बग नव्हे. मी एका प्रोजेक्टला (नाव घेत नाही) पूर्ण स्टेप्स देऊन, स्क्रीन रेकॉर्डिंग लावून रिपोर्ट दिला होता, कोणी माणूस फिरकला नाही, बॉट आला, "हालचाल नाही" म्हणून बंद करून गेला. अरे हालचाल कोणी करायची होती? माझं काम मी केलं होतं ना. लिब्रेऑफिसची पद्धत याच्यापेक्षा कितीतरी बरी आहे, वर्षभर कोणी हात न लावलेल्या कन्फर्म झालेल्या बगवर क्यूएवाले (तपासणी करणारे) मेसेज टाकतात की नवीन व्हर्जनवर परत तपासून सांगता का, पण बग उघडाच राहतो. बंद करायची पाळी नीडइन्फोमध्ये सहा-सहा महिने पडून राहिलेल्यांवर येते, आणि ते रास्त आहे, विचारलेल्याचं उत्तरच नाही आलं तर काय करणार.

लिब्रेऑफिसच्या विकीवर प्रायॉरिटी ठरवायचा एक फ्लोचार्टही आहे. तोच बग दोन वेगवेगळ्या ट्रायाजवाल्यांच्या हातात दिला तर उत्तर साधारण सारखं यावं एवढीच त्यामागची अपेक्षा. परफेक्ट नाहीये पण प्रत्येकानं आपल्या मूडप्रमाणे ठरवण्यापेक्षा हजारपट चांगलं.

आता बगझिलातलं एक कमी माहीत असलेलं सेटिंग, ॲडमिन पॅनलमध्ये "लेट-सबमिटर-चूज-प्रायॉरिटी" नावाचा पॅरामीटर असतो. ऑफ केला की बग नोंदवणाऱ्याला प्रायॉरिटी निवडताच येत नाही, सगळे बग डिफॉल्टवर येऊन उभे राहतात आणि रांग लावायचं काम ट्रायाजवाल्यांकडे राहतं. सिव्हिअरिटी मात्र तो सांगू शकतो, आणि सांगावीच, कारण त्रास त्याला झालाय. हे सेटिंग ऑन ठेवून मग "सगळेच हायेस्ट टाकतात हो" म्हणून रडणारे प्रोजेक्ट बघितले की काय बोलावं कळत नाही.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे डुप्लिकेटचा रिपोर्ट. कुठल्या बगवर सगळ्यात जास्त डुप्लिकेट येऊन पडलेत याची यादी बगझिला आयती काढून देतं, अलीकडे किती वाढले ते पण दाखवतं. हा आकडा मला मतांपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. डुप्लिकेट म्हणजे एका माणसाला खरंच तो बग चावलाय, त्यानं वेळ काढून फॉर्म भरलाय (त्या भयाण फॉर्मसकट!). अंगठा दाबायला काय लागतं, गिटहबवर २०१६ मध्ये रिॲक्शन आल्यापासून कोणीतरी सोशल मीडियावर लिंक टाकली की शेदोनशे अंगठे एका दुपारीत. अंगठे पूर्ण निरुपयोगी नाहीत बरं का, नवीन फीचर मागणाऱ्या इश्यूंसाठी ठीक आहेत, व्हीएस कोडवाले (कोड लिहायचा एडिटर) फीचर रिक्वेस्टला ६० दिवसांत २० मतं मिळाली तरच बॅकलॉगमध्ये घेतात, ते मला पटतं. पण बगला मतदान लावलं की बळी तो कान पिळी. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला सेव्हचं बटण वाचूनच दाखवलं जात नसेल तर त्याच्या बगला मतं किती पडणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याच्यासाठी मात्र अख्खं सॉफ्टवेअर बंद आहे.

"डिपेंड्स ऑन" (हा बग कशावर अडलाय) आणि "ब्लॉक्स" (हा कोणाला अडवतोय) हे दोन खानेपण रांग लावताना फार कामाचे, एखादा दिसायला फडतूस बग चार मोठ्या बगांच्या आड बसलेला असतो आणि डिपेंडन्सी ट्री उघडलं की लगेच नजरेत येतो, मग त्याची प्रायॉरिटी आपोआप कळते, कोणाला पटवावी लागत नाही. रिलीजसाठी एक मेटा बग उघडायचा, अडवणारे सगळे बग त्याला जोडायचे, झालं. गिटहबवरही आता सब-इश्यू आलेत, पण जुन्या सवयीमुळे असेल, मला हे ट्री वाचायला सोपं जातं.

आणि अनकन्फर्म्ड ही स्थिती! आजकाल एआयकडून लिहून घेतलेले रिपोर्ट येतात, भाषा झकास, मुद्दे क्रमांकासहित, स्टॅक ट्रेस (कोड कुठल्या फंक्शनमध्ये अडला त्याची यादी) पण असतो, आणि चालवून बघितलं तर ते फंक्शनच कोडमध्ये नसतं. दुसऱ्या कोणीतरी स्वतः करून बघेपर्यंत बग अनकन्फर्म्डमध्येच बसणार, रांगेत घुसणारच नाही, हा नियम १९९८ च्या पिढीतल्या टूलमध्ये आहे आणि आत्ता त्याची सगळ्यात जास्त गरज पडतेय. सिक्युरिटीचे बग ठरावीक ग्रुपपुरते लपवून ठेवायची सोयही आहे, ती नीट चालते, त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही, फक्त एवढंच की सीव्हीएसएस या सिक्युरिटी बग किती गंभीर ते मोजायच्या पद्धतीचा ० ते १० मधला स्कोअर बघून डोळे झाकून प्रायॉरिटी टाकू नका, तुमच्या प्रोजेक्टमध्ये तो कोड चालतो तरी का ते आधी बघा.

आता शिव्या. सर्चचं ॲडव्हान्स्ड पान म्हणजे विमानाचं कॉकपिट, शिकलात तर राजे, नाही तर तासभर वाया. मोबाइलवर वापरायचा विचारही करू नका. मेल इतके येतात की मेलमध्ये वेगळा फोल्डर केल्याशिवाय जगणं मुश्कील, कोणी सीसीत नाव घातलं तरी मेल. साध्या बगझिलात एकदा टाकलेली कमेंट एडिट करता येत नाही, टायपो झाला तर तो जन्मभर तिथेच. दोघांनी एकाच वेळी एकच बग बदलला की "मिड-एअर कोलिजन" असा मेसेज येतो, पहिल्या वेळी दचकायला होतं, पण खरं म्हणजे तो भला मेसेज आहे, दुसऱ्यानं केलेला बदल नकळत पुसू देत नाही. आणि सर्चमध्ये काहीच सापडलं नाही की "झॅरो बूग्ज फाउंड" म्हणतं, शून्य बग असलेलं सॉफ्टवेअर नसतंच म्हणून मुद्दाम वाकडं लिहिलेलं, एवढीच काय ती या टूलमधली विनोदबुद्धी.

सगळ्यात मोठा वैताग कॉम्पोनंटचा. बग नोंदवताना प्रॉडक्ट आणि कॉम्पोनंट निवडायलाच लागतो, आणि सामान्य युजरला काय माहीत त्याचा बग लेआउटमध्ये आहे की ग्राफिक्समध्ये. चुकीच्या कॉम्पोनंटमध्ये पडलेला बग म्हणजे चुकीच्या टेबलावरची फाइल, ज्यानं बघायला पाहिजे त्याला दिसतच नाही. मोझिलाला यासाठी बगबग नावाचं मशीन लर्निंगचं टूल बनवावं लागलं, ते टायटल-मजकूर वाचून कॉम्पोनंट सुचवतं, यावरूनच काय ते समजा. लहान प्रोजेक्टकडे असलं काही नसतं, तिथे हे काम माझ्यासारखे हातानं करतात.

तुलनेला डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची बग नोंदवायची सिस्टीम पण सांगायला हवी कारण तिचा विचार पूर्ण वेगळा आहे. सगळं मेलवर चालतं, आणि तिथे सिव्हिअरिटीच राज्य करते. क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस या वरच्या तीन पायऱ्या रिलीज-क्रिटिकल, म्हणजे रिलीजच्या आड येणाऱ्या. त्याखाली इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर, विशलिस्ट. आधी कोणता घेऊ हा प्रश्न तिथे मेंटेनरवर सोडलाय, सिस्टीम फक्त एवढंच विचारते की या बगसकट हे पॅकेज बाहेर जाऊ द्यायचं का. हजारो पॅकेजं आणि तितकेच स्वभाव सांभाळायचे असतील तर हेच शहाणपणाचं. एकाच सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टला मात्र मला ते अपुरं वाटतं.

पाचपैकी साडेतीन देईन, दीड कापलाय तो चेहऱ्यासाठी आणि संथपणासाठी. संथपणा म्हणजे, ५.० आलं २०१५ मध्ये आणि ५.२ आलं २०२४ मध्ये, यावरून काय समजायचं ते समजा. दोन-तीन मेंटेनरचा प्रोजेक्ट असेल तर याच्या वाटेला जाऊच नका, पर्लचे मॉड्यूल, डेटाबेस, चेकसेटअप (सेटअप तपासणारी स्क्रिप्ट) चालवणं, बॅकअप, हे सगळं कोण निस्तरणार, गिटहबवर "त्रास-" आणि "नंबर-" अशी दोन तऱ्हेची चार-चार लेबलं करा आणि पुढे जा. पण वीस-पंचवीस माणसं ट्रायाज करतायत, त्यातली निम्मी दर वर्षी बदलतायत, आणि रोज रिपोर्टांचा पाऊस पडतोय, तर दोन ड्रॉपडाउन आणि प्रत्येक बदलाची तारीखवार हिस्टरी (कोणी प्रायॉरिटी कधी खाली आणली ते लपत नाही) यासाठी एवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

लावलंच तर पहिल्याच दिवशी वर सांगितलेलं प्रायॉरिटीचं सेटिंग ऑफ करा, सिव्हिअरिटीच्या सात पायऱ्यांच्या चार करा, आणि कॉम्पोनंटच्या खाली जे वर्णन लिहायचं असतं ते डेव्हलपरच्या नाही, युजरच्या शब्दांत लिहा, "रेंडरिंग पाइपलाइन" नको, "पानावरचं चित्र चुकीचं दिसतं" असं हवं. मग अनकन्फर्म्ड आणि महिनाभर कोणी हात न लावलेले अशी एक सेव्ह्ड सर्च करून ती व्हाइनिंगमध्ये (ठरल्या वेळी सर्चचा निकाल मेल करणारी सोय) टाका, म्हणजे दर सोमवारी सकाळी ती यादी सगळ्या ट्रायाजवाल्यांच्या मेलमध्ये येऊन पडेल. ग्रुपवर नाही, प्रत्येकाच्या वेगळ्या मेलमध्ये, कारण ग्रुपवर टाकलेली यादी कोणीच बघत नाही.